मुक्काम कोलकाता, परत सोमवारी

"बाबा, जायचं तिकीट काढलं. परतीचं कधीचं काढू?" सायलीनं फोनवर विचारलं आणि सुंदररावांच्या हातातला चहा बशीत सांडला.

हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. कोलकात्याला जायचं हे ते अंबाजोगाईला कॉलेजात होते तेव्हापासून ठरवत आले होते. तिथल्या ग्रंथालयात एका बंगाली कादंबरीचं मराठी भाषांतर त्यांच्या हाती पडलं. त्या दिवसापासून ते केजमधल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत बसून कोलकात्यातच राहत होते. पंचायत समितीतली कारकुनी करून ते निवृत्त झाले, शेती वाट्यानं दिली, पोरीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, पण ते आपले कोलकात्यातच. कुणी "कळंबला जवळचा रस्ता कोणता?" असं विचारलं तर ते गोंधळायचे, पण श्यामबाजारहून धर्मतल्ल्याला ट्रामनं कसं जायचं ते झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तिथून परत कसं यायचं, हे मात्र कुठल्याच कादंबरीत दिलेलं नव्हतं.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. लग्नाच्या वेळी "मुलगी पसंत आहे का?" असं वडिलांनी विचारलं, तेव्हाही त्यांनी "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं होतं. वच्छलाबाई ते अजून विसरल्या नव्हत्या.

"मी कसं म्हणू? तुमची हौस आहे. तुम्हीच सांगा."

सुंदररावांनी दाराकडे पाहिलं, फोनवर हात धरला आणि हळूच म्हणाले, "दहा दिवस."

"काय दहा दिवस?" स्वयंपाकघरातून आवाज आला. वच्छलाबाईंना शेजारच्या घरातली उकळी ऐकू यायची, हे तर दारापलीकडचं होतं. त्या हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "दहा दिवस तिथं ऱ्हायचं? दशम्या किती दिवस टिकत्यात?"

दशम्या म्हणजे दुधात पीठ भिजवून केलेल्या प्रवासाच्या भाकरी. वच्छलाबाईंच्या हिशेबात कुठल्याही गावाचा मुक्काम दशम्यांवर ठरायचा.

"चार दिवस. ताणलं तर पाच," सुंदरराव म्हणाले.

"मग सहाव्या दिवशी मासे खायचे का? गळ्यात तुळशीची माळ घालून?"

"तिथं आपल्यासारखंही मिळतं म्हणे."

"मिळतं म्हणे! त्याच कढईत तळल्यालं."

"पण गाडीतच दीड दिवस जातो. यायला पुन्हा दीड."

वच्छलाबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "मग झालं की. दोन दिवस ऱ्हाऊ. देवीचं दर्शन, गंगेत डुबकी, अन् माघारी."

साऱ्या जन्माच्या कोलकात्याचे दोन दिवस झाले. तरी सुंदररावांच्या तोंडातून निघालं ते "तू म्हणशील तसं."

तेवढ्यात बाहेर बुलेट थांबली. तानाजी आला. तानाजी म्हणजे सुंदररावांचा धाकटा भाऊ. एकाच आईची दोन लेकरं असून थोरल्याला माणसांसमोर बोलता येत नसे आणि धाकट्याला माणसांसमोर गप्प बसता येत नसे. तो नगरपंचायतीला दोनदा पडला होता, एकदा निवडून आला होता, आणि पुढच्या वेळेची तयारी मागच्या वेळेपासून करत होता.

"दादा! ऐकलं ते खरं हाय का? कोलकात्याला? अन् मला सांगितलं कावून न्हाई?"

"अजून ठरतंय—"

"आपल्या गल्लीतून कुणी गेलतं का आजपातूर तिकडं?"

"सटवाचा पोरगा मिलिटरीत होता, तो गेलता."

"सरकारी खर्चानं गेल्यालं धरत न्हाईत. तुमी पहिलेच." तानाजीच्या डोळ्यांत लखलखाट झाला. "मांडव घालतो. अख्खी गल्ली जेवायला. गंगेचं पाणी आणा, यात्रेचं मावंदं करू. अन् फ्लेक्स लावतो. परत कधी येताय तेवढं सांगा, तारीख टाकायची हाय."

"तारीख..."

"सोमवारी या. मंगळवारी मला लग्न हाय, बुधवारी बाजार समिती. सोमवार मोकळा हाय."

सुंदररावांनी भराभर मनात मोजलं. रविवारी सकाळी बसनं पुणं, तिथून संध्याकाळची गाडी, मंगळवारी पहाटे हावडा. सोमवारी घरी यायचं तर शनिवारी संध्याकाळी तिथून निघायचं. म्हणजे जवळजवळ पाच दिवस! दोनाचे पाच झाले. त्यांनी इतक्या घाईनं "तू म्हणशील तसं" म्हटलं की तानाजीलाच ठसका लागला.

"अन् दशम्या?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"वहिनी, फ्लेक्सवर डावीकडं तुमचा फोटो. उजवीकडं दादाचा. मधी माझा."

वच्छलाबाईंनी हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "तिखट पुऱ्या सात दिवस ऱ्हात्यात. फोटोला कोणती साडी नेसू?"

तानाजीचं काम नेहमी वेळेआधी व्हायचं. बुधवारी चौकात फ्लेक्स लागलासुद्धा. 'कोलकाता दौरा यशस्वीरीत्या पूर्ण करून केज नगरीत आगमन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. महाप्रसाद, सोमवारी सायंकाळी.' मधला फोटो दोन्ही बाजूंच्या फोटोंपेक्षा तिप्पट मोठा होता. खरी पंचाईत अशी झाली की लोकांनी 'आगमन झाल्याबद्दल' एवढंच वाचलं. सुंदरराव मेथी घ्यायला गेले तर भाजीवाली रस्त्यातच ओरडली, "आले का वो काका? कसं हाय कोलकाता?"

अजून गेलोच नाही असं चार माणसांत सांगायचं म्हणजे तानाजीचा फ्लेक्स खोटा पाडायचा. सुंदररावांना ते जमेना. "छान आहे," ते पुटपुटले.

"लई मोठं असंल?"

"हो. नदीवर मोठा पूल आहे. घाटावर सकाळी धुकं असतं. ट्राम घंटा वाजवत जाते..." बोलता बोलता त्यांना राहवेना. त्यांनी पूल सांगितला, घाट सांगितले, पुस्तकांची गल्ली सांगितली. मेथी घेणाऱ्या आणखी तिघीजणी थांबल्या. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मेथी राहिली आणि आपण आयुष्यात पहिल्यांदा एका दमात इतकं बोललो. जिथं न जाताच इतकं बोलता येतं, तिथं गेल्यावर काय होईल? त्या विचारानं त्यांना दुपारची झोप लागली नाही.

गुरुवारी शेजारच्या सावित्रीआत्यानं नातीकडून फ्लेक्स वाचून घेतला आणि काठी टेकत थेट घरात आली. रीतभात, वार, मुहूर्त यात गल्लीत तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नव्हता.

"वच्छले, निघताव कधी?"

"रविवारी, आत्या."

"अन् परत सोमवारी? रवी, सोम, मंगळ..." तिनं बोटांवर मोजलं. "अगं, सोमवार नववा दिवस पडतो की! निघाल्यापासून नवव्या दिवशी घराचा उंबरा वलांडत न्हाईत, एवढंबी ठाऊक न्हाई का?"

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. "मग आता? तिकिटं निघालीत, फ्लेक्स लागला."

"मग रविवारीच परत या," आत्या म्हणाली.

सुंदररावांना वाटलं, आता पाचाचे चार होणार. पण आत्याकडं उपायही होता. "न्हाईतर प्रस्थान ठिवा. उद्या शुक्रवार हाय. उद्या तुमची एक पिशवी माज्या घरी आणून ठिवा. पिशवी घराबाहीर पडली की माणूस निघाल्यातच जमा. जाताना ती संगट न्यायची. शुक्रवारपासून मोजलं की नववा दिवस शनिवारी पडतो. सोमवार मोकळा!"

वच्छलाबाईंनी आत्याचे पाय धरले. शुक्रवारी दोघांचे प्रवासाचे सगळे कपडे भरलेली मोठी निळी पिशवी आत्याच्या घरी खुंटीला लागली. बाहेर पडलेलं प्रस्थान पुन्हा घरात आणायचं नसतं, म्हणून शनिवारी केलेल्या दशम्या, तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणीही वच्छलाबाई तिथंच नेऊन त्या पिशवीत भरून आल्या.

रविवारी सकाळी आत्याच्या दाराला कुलूप होतं.

समोरच्या बबनरावांनी सांगितलं, "आत्या पहाटंच नातीला घेऊन जीपनं माजलगावला गेली. लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून फोन आलता."

"चावी?"

"कंबरंला हाय तिच्या."

तानाजी हार घेऊन स्टँडवर पोचवायला आला होता. वच्छलाबाई म्हणाल्या, "भावजी, कुलूप तोडा."

"वहिनी, आत्याचं कुलूप तोडलं तर पुढच्या इलेक्शनला अख्खी गल्ली गेली! तुमी व्हा म्होरं. पिशवीचं मी बघतो."

अंगावरचे कपडे, वच्छलाबाईंची पर्स, गंगेच्या पाण्यासाठी रिकामा कॅन आणि तानाजीचे दोन हार एवढ्यावर मंडळी पुण्याच्या बसमध्ये बसली. दीड दिवस रेल्वेत वच्छलाबाई केळी आणि शेंगदाण्यांवर राहिल्या. दर स्टेशनला त्या एकच वाक्य म्हणायच्या, "पुऱ्या खुंटीला, अन् आपण हितं." सुंदरराव मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. त्यांना भूक लागलीच नव्हती.

हावड्याला उतरून बाहेर आले आणि समोर पूल दिसला. सुंदररावांनी चप्पल काढली.

"अवो, देऊळ न्हाई ते," वच्छलाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

बडाबाजारातल्या एका मारवाडी धर्मशाळेत खोली मिळाली. समोरच गरम लुच्या, म्हणजे मैद्याच्या पांढऱ्या पुऱ्या, तळत होते. वच्छलाबाईंनी आधी कढईत वाकून पाहिलं. मग दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यात मासे तळत न्हाईत ना?" तो बंगालीत काहीतरी बोलला. त्या मराठीत बोलल्या. तो हसला, त्याही हसल्या, आणि मध्ये भाषांतर करायला उभे असलेल्या सुंदररावांकडे दोघांनीही पाहिलं नाही. पहिली लुची वच्छलाबाईंनी संशयानं खाल्ली, दुसरी खात्री करून घ्यायला खाल्ली, आणि पुढच्या मोजायच्या राहून गेल्या. वर मातीच्या भांड्यातलं गोड दही आलं.

"आपल्याकडं असं कावून लावत न्हाईत?" त्यांनी भांडं बोटानं पुसत विचारलं.

कपडे तर घ्यावेच लागणार होते. दुकानदारानं लाल काठाची पांढरी साडी पुढं केली. वच्छलाबाई दचकल्या. "पांढरी कशी नेसू? तुमी चांगले जितेजागते हाव की!"

"काठ लाल आहे," सुंदरराव म्हणाले. "इथं सवाष्णीच नेसतात."

दुसऱ्या दिवसापासून त्या ती साडी नेसून बाजारातून अशा फिरायला लागल्या की दोन बायकांनी त्यांनाच रस्ता विचारला. त्यांनी तो सांगितलाही.

सुंदररावांचं काय सांगावं! पुस्तकांच्या गल्लीत त्यांना एक अक्षर वाचता येईना. सगळी पुस्तकं बंगाली. तरी ते दुकानादुकानापुढं उभे राहून पुस्तकं उघडत होते, वास घेत होते, पुन्हा मिटून ठेवत होते. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरून ते त्याच ट्रामनं परत आले, आणि पुन्हा गेले. घाटावर एका म्हाताऱ्या बंगाली बाबूनं त्यांना मोडक्या हिंदीत विचारलं, "किती दिवस आहात?" सुंदररावांच्या तोंडून शनिवार निघेना. शुक्रवारपर्यंत त्यांची त्या गल्लीची फक्त डावी बाजू बघून झाली होती.

शनिवार उजाडला. संध्याकाळी ते हावड्याच्या फलाटावर उभे होते. गंगेनं भरलेला कॅन, दोन नव्या पिशव्या, समोर गाडी लागलेली. सुंदरराव तिसऱ्यांदा डब्याचा नंबर तपासत होते. तेवढ्यात वच्छलाबाईंचा फोन वाजला. सावित्रीआत्या होती. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"वच्छले! नातू झाला गं! आज माघारी आले, कुलूप काढलं, तर काय, तुमची पिशवी खुंटीलाच! दशम्यांला बुरा आलाय."

"ऱ्हाऊ द्या आत्या, आमचं झालं हितं खाणं."

"खाण्याचं न्हाई म्हणत मी. पिशवी संगट न्यायची ऱ्हायली, म्हंजी प्रस्थान मोडलं. तुमी शुक्रवारी निघालेच न्हाईत. रविवारी निघालाव. सोमवारी नववा दिवस! उंबरा वलांडायचा न्हाई, आधीच सांगते!" आणि फोन बंद झाला.

वच्छलाबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. सुंदररावांच्या छातीत ट्रामची घंटा वाजली.

"भावजीला सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी थोरले हाव."

सुंदररावांनी घाबरत तानाजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून मांडवाचे बांबू ठोकल्याचा आवाज येत होता.

"दादा, डोकं फिरलं का? पाचशे माणसाला आवतण हाय! आचारी आलेत!"

वच्छलाबाईंनी फोन हिसकून घेतला. "भावजी, नवव्या दिवशी घरात पाय ठिवायचा न्हाई."

"घरात नगा ठिवू. मांडवात ठिवा. मांडव काय घर हाय? जेवा, हार घाला, अन् शाळेत झोपा."

"अन् शाळा गल्लीत न्हाई का? गल्लीत आलं की घरी आल्यातच जमा."

"मग स्टँडवर मांडव घालतो!"

"अन् बायकांनी स्टँडवर जेवायचं का?"

वच्छलाबाईंची पाठ गाडीकडे होती. सुंदररावांचं तोंड गाडीकडे होतं. सिग्नल पडलेला त्यांनी पाहिला. गार्डनं हिरवा दिवा दाखवलेला पाहिला. गाडीनं हलकासा हिसका दिला. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वच्छलाबाई दम घ्यायला थांबल्या होत्या. आता त्या मागं वळून बघणार, एवढ्यात सुंदरराव फोनकडे वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "तानाजी, मांडवात पंखे किती लावलेत रे?"

"पंखे? पंख्याचं काय मधीच?"

"नाही म्हणजे, बायकांच्या बाजूला कमी लावतात लोक."

"आरं हां!" वच्छलाबाई पुन्हा उसळल्या. "मागच्या टायमाला बायकांकडं एकच पंखा, त्योबी बंद! भावजी, त्येचं काय?"

पंख्यांचा निकाल लागेपर्यंत शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला होता. वच्छलाबाईंनी फोन ठेवला, पिशव्या उचलल्या आणि वळल्या.

"गाडी कुठं गेली?"

"गेली वाटतं," सुंदरराव म्हणाले.

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चला. लुच्यावाला बंद करंल."

सोमवारी मांडव भरला. तानाजी हार मानणारा माणूस नव्हता. त्यानं बीडहून मोठा पडदा मागवला आणि सत्कार व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरवलं. इकडं गंगेच्या घाटावर, सूर्य मावळायच्या वेळी, सुंदरराव हातात फोन धरून बसले होते. पडद्यावर त्यांचा चेहरा बैलगाडीएवढा दिसत होता म्हणे. फोनमध्ये त्यांना पाचशे डोकी दिसत होती. मांडवात त्यांच्या पडद्याला हार घातला गेला. टाळ्या झाल्या. तानाजीनं भाषण केलं. भाषण कोलकात्यावर सुरू झालं आणि नगरपंचायतीच्या नळयोजनेवर संपलं.

"आता दादा आपल्याला दोन शब्द सांगतील," तानाजी माईकवर म्हणाला. मग आवाज जरा कडक केला. "अन् सगळ्यांसमोर सांगतील, की परत कधी येनार!"

सुंदररावांनी सवयीनं डावीकडं पाहिलं. वच्छलाबाई शेजारी नव्हत्या. चार पायऱ्या खाली एका बंगाली बाईला त्या तिखट पुरी कशी लाटतात ते हातांनी दाखवत होत्या. विचारायला कुणी नव्हतं. नदीवर दिवे लागत होते.

"दहा दिवस," सुंदरराव म्हणाले.

"कुठून धरून?" तानाजी.

"आजपासून."

"दादा! आजपासून कसं? मंगळवारपासून तिथंच हाव की!"

"ते दिवस येण्याजाण्याचा विचार करण्यात गेले," सुंदरराव म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "ते धरायचे नाहीत."

मांडवात कुजबुज सुरू झाली. तानाजी काहीतरी बोलणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून बबनराव उठले आणि पडद्याकडं बघून ओरडले, "ते समदं ठीक हाय सुंदरराव. पण आमी जेवायला बसावं का तुमी येस्तोवर थांबावं?"

पाचशे माणसं पडद्याकडं बघायला लागली. वाढपी बादल्या धरून उभे. आचाऱ्यानं कढईवरचं झाकण अर्धं उचलून धरलेलं. तानाजीसुद्धा माईक खाली घेऊन थोरल्या भावाकडं बघत होता.

सुंदररावांनी घसा साफ केला.

"बसा," ते म्हणाले.

आणि पाचशे माणसं एकदम खाली बसली.